तळ्यातली बोट परत कशी येईल?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात तेव्हा त्यांच्या सामानात हल्ली एखादे लांबट खोके असते. खोक्यावर फेसाळत्या लाटा कापत जाणाऱ्या बोटीचे चित्र, आणि त्याखाली वेगाचा आकडा : ताशी २५ किलोमीटर, कधी ३०. पोलादपूरहून उमरठकडे जाताना लागणाऱ्या कापडे गावासारख्या ठिकाणी ही बोट सोडायची कुठे, हा प्रश्न मग घरात निघतो, आणि पुष्कळदा तो शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे येऊन पोचतो. पुढच्या वर्षी बोट आणायचीच असेल तर कोणती आणावी, हेही त्यांनाच विचारले जाते. शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर देता यावे, आणि उत्तर देता देता वर्गातही थोडे विज्ञान करता यावे, म्हणून हा लेख.

खोक्यावर वेग, पल्ला, बॅटरी सगळे छापलेले असते. एक गोष्ट मात्र कुठेच छापलेली नसते : ही बोट पाण्याच्या मध्यावर बंद पडली तर ती परत कशी आणायची? रिमोटवर चालणारी मोटार बंद पडली तर आपण चार पावले चालत जाऊन ती उचलतो. बोटीचे तसे नाही. काठापासून वीस-पंचवीस मीटरवर ती निपचित पडते, घरच्यांनी आवडीने आणलेली वस्तू डोळ्यांसमोर तरंगत असते, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा ‘आत्ता आणतो’ म्हणून पाण्यात पाऊल टाकतो. खेळण्यातला खरा धोका तो एवढाच, पण तो जिवाशी गाठ घालणारा आहे. म्हणून बोटीची निवड वेगापासून सुरू न करता परतीपासून सुरू करावी, असे माझे मत आहे. तसे केले की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळत जातात.

आधी तळे, मग बोट

महाड-पोलादपूरकडच्या डोंगराळ भागात पाऊस धो धो पडतो आणि तितक्याच वेगाने वाहून जातो. पावसाळ्यात सावित्री आणि तिला मिळणाऱ्या नद्या-ओढे काय करू शकतात, ते २२ जुलै २०२१ च्या महापुराने इथल्या मुलांनाही दाखवले आहे. त्यामुळे जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नये. नदीचे डोह तर एरवीही नकोत, कारण तिथे खोली एका पावलात बदलते. उरतात ती गावतळी, पाझर तलाव आणि शेततळी, आणि हंगाम म्हणाल तर दिवाळीपासून होळीपर्यंतचा. त्यानंतर पुष्कळ तळ्यांत बोट चालवण्याइतके पाणीच राहत नाही.

शेततळ्याचे पाणी स्वच्छ, त्यात शेवाळ कमी, कडा सरळ. बोटीला ते उत्तम दिसते. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे हे माणसासाठी सर्वांत वाईट तळे आहे. ओल्या प्लॅस्टिकवर पायाला घर्षणच मिळत नाही. उताराच्या कडेवरून घसरलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. वर्गात एक फळी तिरकी ठेवून तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणा, त्यावर रबरी चपलेचा तुकडा ठेवा, आणि तो किती कोनाला घसरू लागतो ते आधी कोरड्या व मग साबणपाण्याने बुळबुळीत झालेल्या कागदावर मोजा. घर्षणाचा हा प्रयोग मुले विसरत नाहीत. जिथे चारही बाजूंना दोर किंवा शिडी पाण्यात सोडलेली नाही अशा अस्तराच्या तळ्यावर खेळ करू नये. उथळ, मातीच्या उताराचे, एका बाजूने गुडघाभर पाण्यापर्यंत सहज उतरता येणारे जुने तळे बोटीच्या दृष्टीने थोडे गैरसोयीचे असले, तरी तेच निवडावे.

तळे कोणाचे, तिथे कपडे धुतात का, गुरे पितात का, देवळाचे आहे का, हेही विचारून घ्यावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले ते ज्या तालुक्यांतली मुले शाळेत शिकतात, तिथे सार्वजनिक पाण्याचा मान त्यांना वेगळा समजावून सांगावा लागू नये. अर्थात चवदार तळे स्वतः खेळण्याची जागा नव्हे.

तळे ठरले की काठ ठरवायचा. बंद पडलेली बोट वाऱ्याबरोबर वाहत जाते. म्हणून वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर आपण उभे राहायचे. पाण्याच्या मध्यावर बोट थांबली आणि ती सेकंदाला फक्त दहा सेंटिमीटर सरकली, तरी तीस मीटर यायला तिला पाच मिनिटे लागतील. पाच मिनिटे गप्पा मारत थांबायचे, एवढेच काम. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, येणारा वारा असेल तर पूर्वेचा काठ धरावा. पण डोंगराच्या कुशीत वारा वळतो, खोऱ्याच्या दिशेने वाहतो. तेव्हा पुस्तकावर न विसंबता दोन-चार सुकी पाने पाण्यावर टाकून ती कुठे जातात ते पाहावे. सकाळी पाणी आरशासारखे असते आणि बोट चालवायला फार मजा येते, पण त्या वेळी वारा मदतीला येणार नाही. वारा नसताना बोट काठापासून दहा मीटरच्या आतच ठेवावी.

वेगाचा मोह

आता बोटीकडे वळू. पाण्यात चालणारी बोट आपल्याबरोबर लाटा निर्माण करते. वेग वाढतो तशी या लाटांची लांबी वाढते, आणि एका ठरावीक वेगाला लाटेची लांबी बोटीच्या लांबीइतकी होते. त्या क्षणी बोट स्वतःच केलेल्या दोन उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात अडकते. यापुढे वेग वाढवायचा तर पुढच्या लाटेवर चढावे लागते, आणि त्याला फार शक्ती लागते. हा वेग काढणे सोपे आहे : बोटीच्या पाण्यातल्या लांबीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला १.२५ ने गुणा. उत्तर मीटर प्रतिसेकंद मिळते. ३६ सेंटिमीटरच्या बोटीसाठी ०.६ गुणिले १.२५, म्हणजे ०.७५ मीटर प्रतिसेकंद, ताशी २.७ किलोमीटर. आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी!

मग खोक्यावरचे ताशी २५ कुठून आले? जोरदार मोटर असलेली, तळ सपाट किंवा उथळ व्हीच्या आकाराचा असलेली बोट त्या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरू लागते. पाण्यावर सपाट दगड टाकून आपण भाकऱ्या काढतो, त्याच जातीची ही करामत. ती खरी आहे, पण ती कुठे करायची? ताशी २५ म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. तीस मीटरचे तळे चार सेकंदांत संपले. शिकाऊ माणसाला ‘अरे, वळव’ असे सुचून बोट हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी बोट साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. बोटीला ब्रेक नसतो. शिवाय ताशी ८ आणि ताशी २५ या वेगांच्या गतिज ऊर्जेत जवळजवळ दहापट फरक आहे. काठावरचा दगड असो, पाण्यात पाय सोडून बसलेले पोर असो, की पोहणारे बदक असो, आदळण्याचा परिणाम त्या प्रमाणात वाढतो. ताशी ७-८ किलोमीटरची बोट गावतळ्याला पुरेशी होते. वेग कमी-जास्त करता येण्याची सोय असेल तर फारच चांगले. नुसते ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच असेल तर ती बोट घेऊ नये.

लांबी तीस ते चाळीस सेंटिमीटर असावी. त्याहून लहान बोट छोट्या तरंगांनीही हेलकावे खाते, वाऱ्याने भरकटते, आणि मुख्य म्हणजे दिसत नाही. तीस सेंटिमीटरची बोट ३५ मीटरवर गेली की ती डोळ्यांना पौर्णिमेच्या चंद्राएवढीच दिसते. चंद्र केवढा दिसतो हे मुलांना हात लांब करून करंगळीच्या नखाने मोजायला सांगा. तो त्या नखाच्या निम्म्याएवढाच भरतो. एवढ्या ठिपक्याचे पुढचे टोक कोणते आणि मागचे कोणते, हे ओळखणे अवघड. म्हणून पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळ्या भडक रंगांचा असलेली बोट घ्यावी, नसेल तर रंगवावी. हिरवी, निळी किंवा काळी बोट कितीही देखणी असली तरी तळ्यात ती हरवते.

बोटीचा तळ एकसंध असावा की दोन सोंडांचा, हा प्रश्नही विचारला जातो. दोन समांतर सोंडांची बोट रुंद असल्यामुळे सहसा उलटत नाही. पण एकदा उलटली की ती तशीच, पालथ्या स्थितीतही, तितकीच स्थिर असते, आणि मग कितीही कळा दाबल्या तरी काही होत नाही. काही एकसंध बोटी स्वतःहून सुलट होतात. त्यांची युक्ती सुंदर आहे. बोटीच्या एका बाजूला पोकळी असते. बोट पालथी झाली की त्या पोकळीत पाणी शिरते, एक बाजू जड होते, बोट कलते आणि फिरून सरळ होते. मग चालू लागताच ते पाणी निघून जाते. नवशिक्यासाठी ही सोय वेगापेक्षा कितीतरी मोलाची आहे. ती बोटीत आहे असे लिहिलेले असले तरी घरच्या टबात बोट पालथी घालून खात्री करावी.

पंखा, सुकाणू आणि शेवाळ

आपल्या तळ्यांतला बोटीचा शत्रू खडक नसून वनस्पती आहे. पाणवनस्पतींचे तंतू पंख्याच्या दांड्याभोवती सुतासारखे गुंडाळले जातात आणि मोटर थांबते. थांबलेली मोटर जास्त विद्युतप्रवाह खेचते आणि तापते, म्हणून अशा वेळी कळ दाबून धरणे म्हणजे मोटर जाळणे. यावर पहिला उपाय, पंखा उलटा फिरवता येण्याची सोय. बोट मागे घेताना गुंडाळलेला तंतू पुष्कळदा सुटतो.

स्वस्त बोटींत वळण्याच्या दोन पद्धती आढळतात. एकीत एक पंखा आणि त्यामागे सुकाणू. दुसरीत सुकाणूच नाही, दोन मोटरी आणि दोन पंखे, डावा पंखा जोरात फिरला की बोट उजवीकडे वळते. सुकाणू काम करते ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. घाबरून मोटर बंद केली की सुकाणू निकामी होते, आणि नवशिका घाबरल्यावर हेच करतो. दोन पंख्यांची बोट जागच्या जागी गरकन वळते, आणि एक पंखा अडकला तरी दुसऱ्यावर निदान गोल गोल फिरत राहते, वारा तिला हळूहळू काठाकडे आणतो. तळ्यासाठी मी दोन पंख्यांच्या बाजूने आहे. समुद्रखाडीवर, लांब सरळ पल्ल्यासाठी, उत्तर वेगळे असेल.

अनेक बोटींच्या तळाशी धातूच्या दोन लहान खुणा दिसतात. पाण्यामुळे त्या दोहोंमध्ये विद्युतमंडल पूर्ण होते तेव्हाच पंखे फिरतात. बोट हातात असताना कळ दाबली गेली तरी बोटे सुरक्षित. तळ्याच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात म्हणून ते वीज वाहते, हे दाखवायला यापेक्षा चांगले साधन नाही. मात्र ओल्या तळहाताने बोट खालून धरली तर तोच हात मंडल पूर्ण करतो आणि पंखा फिरतो! बोट नेहमी वरून, दोन्ही कडांना धरून उचलावी.

लहरींचा हिशेब

रेडिओ लहरींनी दुरून बोट चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत अशी बोट चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळवले. म्हणजे या खोक्यातले खेळणे आकाशवाणीच्या पणजोबांच्या काळातले आहे.

आजच्या बोटी बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. काही स्वस्त किंवा जुन्या बोटी २७ मेगाहर्ट्झवर. कमी शक्तीच्या अशा खेळण्यांसाठी हे दोन्ही पट्टे भारतात परवान्याशिवाय वापरता येतात. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी अकरा मीटर, त्यामुळे रिमोटला लांब काडी लागते. आणि एकाच तळ्यावर त्याच वारंवारतेच्या दोन बोटी आल्या की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची बोट वळते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये रिमोट आणि बोट यांची आधी सांकेतिक ओळख पटते, म्हणून भाऊ-बहिणींच्या दोन बोटी एकत्र चालतात. तरंगलांबीही फक्त साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे आखूड तार पुरते. घेताना हीच घ्यावी.

पण या लहरींचे पाण्याशी वैर आहे. मायक्रोवेव्ह भट्टीही जवळपास याच वारंवारतेवर पाणी तापवते; पाण्यात शिरलेली ही लहर दोन-तीन सेंटिमीटरांतच बव्हंशी शोषली जाते. बोटीतली तार पाण्याच्या पातळीखाली राहिली तर पल्ला एकदम घटतो. दुसरी गंमत अशी की, रिमोटकडून बोटीकडे लहर दोन वाटांनी जाते, एक सरळ आणि एक पाण्यावर परावर्तित होऊन. पाण्याला अगदी तिरकस लागून परावर्तित होताना लहर उलटी होते, आणि दोन्ही वाटांची लांबी जवळजवळ सारखी असल्यामुळे त्या एकमेकींना खोडू लागतात. याचा परिणाम म्हणजे अंतर दुप्पट झाले की शक्ती एकचतुर्थांश न होता जवळजवळ एकसोळांश होते. म्हणून मोकळ्या मैदानावर शंभर मीटर म्हणून सांगितलेला पल्ला तळ्यावर पूर्ण मिळेल असे धरू नये. उकिडवे बसून बोट चालवणाऱ्या मुलाला उभे राहायला सांगितले, रिमोट छातीशी धरायला लावला, की फरक लगेच पडतो.

लहर तुटली तर बोटीने काय करावे? थांबावे. हे पाण्यात सोडण्यापूर्वी तपासता येते : बोट टबात धरून पंखे मंद चालवावेत आणि रिमोट बंद करावा. पंखे एक-दोन सेकंदांत थांबले नाहीत तर ती बोट दुकानदाराला परत द्यावी. याच कारणाने सुरू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना आधी बोट, मग रिमोट.

बुडणार नाही याची खात्री

झाकणाच्या फटीतून पाणी शिरतेच. मग बोट पूर्ण भरली तरी तरंगावी यासाठी काय करायचे? समजा बोटीचे वजन ४०० ग्रॅम आहे, आणि तिचे प्लॅस्टिक, मोटरी, बॅटरी यांचे मिळून प्रत्यक्ष आकारमान २५० घन सेंटिमीटर आहे. पाण्याने भरल्यावर ती फक्त २५० ग्रॅम पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार १५० ग्रॅमची तूट राहिली. ती भरायला आतल्या रिकाम्या जागेत १५० घन सेंटिमीटरहून थोडे जास्त थर्मोकोल हवे, म्हणजे चहाच्या दोन कटिंग ग्लासांइतके. मोटर आणि बॅटरी तापतात, म्हणून त्यांच्याभोवती जागा मोकळी सोडून बाकी कोपऱ्यांत तुकडे बसवावेत. वर्गात ताणकाटा असेल तर प्लॅस्टिकची एखादी जुनी खेळण्यातली मोटार पाण्यात बुडवून तूट किती येते ते मुलांना काढू द्यावे. उत्तर ग्रॅममध्ये आले की तेच थर्मोकोलचे घन सेंटिमीटर.

बॅटरीबद्दल थोडेच सांगतो, पण ते पाळायला हवे. बहुतेक बोटींत लिथियमचे एक किंवा दोन घट असतात, प्रत्येकी ३.७ व्होल्टचे. दीड हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि सहा अँपिअर खाणाऱ्या मोटरी, म्हणजे पाव तास. भरायला मात्र दोन-तीन तास. चार मुले असतील तर भांडणे टाळायला दुसरी बॅटरी घ्यावी. वेगवान बोटीपेक्षा तो खर्च सत्कारणी लागतो. घड्याळ लावून दहा मिनिटांनी बोट काठाला आणावी, बॅटरी संपण्याची वाट पाहू नये. तापलेली बॅटरी निवल्यावर, ओली झालेली पूर्ण सुकल्यावर, आणि कोणीतरी जवळ असतानाच चार्ज करावी. फरशीवर, अंथरुणावर नव्हे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते खोक्यावर शोधावे.

अडकलीच तर

काठावर जाताना बोटीबरोबर दोर न्यायचा. कोणता? नायलॉनची दोरी पाण्यात बुडते, पॉलिप्रॉपिलीनची तरंगते. आपला काथ्याचा दोरही तरंगतो. तळ्याच्या रुंदीपेक्षा दहा मीटर जास्त लांबीच्या तरंगत्या दोराला मध्ये तीन-चार रिकाम्या, बूच लावलेल्या बाटल्या बांधायच्या. दोन मोठी माणसे समोरासमोरच्या काठांवर दोराची टोके धरून सावकाश चालू लागली की दोर पाणी झाडत जातो आणि बोटीला पुढे ढकलत काठाला आणतो. शेवाळात रुतलेली बोटही बहुधा निघते. न निघाली तर ती तिथेच राहू द्यावी; दुसऱ्या दिवशी वारा बदलतो.

दुसरा दोर वेगळा, पंधरा-वीस मीटरचा, टोकाला पाच लिटरचा झाकणबंद कॅन. फेकायला वजन यावे म्हणून कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवायचे. हा कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलो वजन उचलून धरतो, आणि माणसाचे डोके पाण्याबाहेर राहायला साधारण तेवढेच बळ लागते. हा दोर बोटीसाठी नाही. तो कोणत्याही कारणाने बोट काढायला वापरायचा नाही, काठावर गुंडाळून तयारच ठेवायचा. मुलांनी पाण्यापासून दोन मीटर मागे, जमिनीवर चुन्याने आखलेल्या रेषेच्या अलीकडे उभे राहून बोट चालवायची. पाण्यात सोडणे आणि उचलणे हे काम एकाच मोठ्या माणसाचे, आणि त्याच्या हातात रिमोट नसावा.

पहिल्या दिवशी मुलांची सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते. बोट आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा तिची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते, आणि सगळे उलटे होते. यावर एक सोपी खूण आहे : परत येणारी बोट ज्या बाजूला भरकटत असेल त्याच बाजूला रिमोटची काडी ढकलायची. असे का होते, ते आधी मैदानात एका मुलाला बोट बनवून, त्याचे डोळे बांधून, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ एवढ्याच सूचनांवर आपल्याकडे बोलावून पाहावे. अर्ध्या तासात सगळा वर्ग शिकतो, आणि त्यासाठी बोटही लागत नाही.